हजार पळ्यांची ब्राह्मी

स्मरणशक्ती हे विद्वानाचं एकमेव वतन आहे, ते जप्त होत नाही की भावांत वाटलं जात नाही, असं लोणावळ्याचे निवृत्त शाळामास्तर दीनानाथपंत नेहमी सांगत. सांगून झालं की चष्मा कुठे ठेवला ते विचारत.

१९३६च्या महाशिवरात्रीला हे वतन चारचौघांत बुडालं. पंतांच्या आळीतल्या शंकराच्या देवळात एक रिवाज होता. पंतांनी देवाची हजार नावं तोंडपाठ म्हणायची आणि प्रत्येक नावाला पुजाऱ्याने पिंडीवर एक बेलाचं पान वाहायचं. पानं आदल्या दिवशी मोजून परडीत ठेवायचं काम शेजारच्या दत्तोबांकडे. दत्तोबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. शिट्टी आणि झेंडे त्यांनी कंपनीला परत केले, स्वभाव तेवढा बरोबर आणला. त्या दिवशी पंत दणक्यात शेवटच्या नावाला पोचले, त्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि परडीत सतरा पानं उरली.

दत्तोबांनी ती एकेक करून वर उचलून सगळ्यांना दाखवली.

"सतरा नावं गाळलीत, पंत. माझी गाडी सतरा स्टेशनं न थांबता गेली असती, तर साहेबाने मला जिवंत ठेवला नसता."

पंचांनी पंतांना एक वर्षाची मुदत दिली. पुढच्या शिवरात्रीला एक जरी पान उरलं, तरी हा मान दत्तोबांकडे जायचा. सव्वीस वर्षं तो पंतांकडे होता, आणि शाळा सुटल्यापासून त्यांना नमस्कार घालायला गावापाशी दुसरं कारण उरलं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर पोथी उघडून पाठ करायला बसला असता. पंत पदवीधर होते. त्यांनी मुळालाच हात घातला. मेंदू कोरडा पडलेला आहे, त्याला ब्राह्मी पाहिजे, आणि तीही स्वतःच्या अंगणात, सोवळ्यात वाढवलेली.

"ती व्हय!" भांडी घासायला येणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर टाकवे बुद्रुकचं. "आमच्या भाताच्या बांधावर लय हाय. म्हशी तुडवत्यात."

चैत्रात त्यांचा भाऊ कोंडाजी ओल्या गोणीत भरून ब्राह्मी घेऊन आला. पंतांनी त्याचे आभार मानले.

"आभार कसलं, मास्तर? उपटून उपटून कट्टाळलो हुतो. आनखी दोन गोनी आनू का?"

म्हशींनी तुडवलेल्या वनस्पतीला प्रतिष्ठा मिळावी म्हणून पंतांनी भर उन्हात विटांचा कंबरभर उंच ओटा बांधला, त्यात चाळलेली वाळू भरली आणि ब्राह्मीच्या काड्या रांगेत लावल्या. रोज पहाटे आंघोळ करून ते सोवळं नेसत आणि ओट्यापाशी उभे राहत. शेजारी तांब्याची घागर, हातात पळी, समोर दगडाखाली दाबलेली पोथी. एक नाव म्हणायचं, एक पळी पाणी घालायचं. नाव पाण्यातून मुळात जातं, मुळातून पानात, पानातून चटणीत आणि चटणीतून मेंदूत, अशी त्यांची साखळी होती. साखळीत कुठेही खोट नव्हती.

झुंबरबाईंनी हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

"आवं पंत, ही काय तुळस न्हाई उंचावर बसवायला. ही भुईवर सरपटनारी. हिला सावली द्या, चिखूल द्या, वाटलं तर वर पाय द्या. आन् मंग इसरून जावा."

"विसरायचं नाही म्हणूनच लावली आहे," पंत म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

नवव्या दिवशी दुपारी ओट्यावरची ब्राह्मी पापडासारखी वाळली. हजार पळ्या पाणी वाळूतून गळून, ओट्याच्या बुडाच्या भोकातून बाहेर पडून, उताराने मोरीमागे जात होतं. तिथे केळीच्या सावलीत झुंबरबाईंनी उरलेली गोण रिकामी केली होती. आंघोळीचं पाणी, भांड्यांची राख आणि वरून शंकराची हजार नावं, एवढ्यावर ती ब्राह्मी सुटली. काडीचं जे पेर चिखलाला टेकलं त्याला मूळ फुटलं. ज्येष्ठापर्यंत तिने मोरीचा कट्टा गाठला. झुंबरबाई तिच्यावर उभ्या राहून भांडी घासत. तिचं काही बिघडलं नाही.

पण ते पुढचं. नवव्या दिवशी पंत वामकुक्षी करत होते आणि त्यांच्या पत्नी, अरुंधतीकाकू, वाळलेल्या ओट्यासमोर उभ्या होत्या. शिवरात्रीनंतर पंत आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते. त्यांनी घरात बसून आमटी कशी करावी हे सांगितलं होतं. काकूंना ते आठ दिवस लख्ख आठवत होते.

"झुंबरबाई, तिकडच्या पंधरावीस काड्या आणून इथे खोचा."

"मोरीमागच्या?"

"मोरीमागच्या."

"आन् सोवळं?"

"ते झोपलंय. उठायच्या आत खोचा."

तेव्हापासून दर आठवड्याला वामकुक्षीच्या वेळी ओटा नव्याने हिरवा होई. रोज सकाळी पंत त्यातली मूठभर पानं खुडून काकूंच्या हातात देत आणि जेवताना चटणीचा पहिला घास गंभीरपणे गिळत. तपकिरीने त्यांचं नाक केव्हाच निकामी केलेलं. वास आणि चव यांतलं त्यांना फक्त तिखट आणि कडू कळे.

"कडू आहे," ते म्हणत. "म्हणजे लागू पडतेय."

आषाढात आठ दिवस सूर्य दिसला नाही. पंत एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने पळी पळी पाणी घालत उभे.

"पंत," दत्तोबा कुंपणापलीकडून ओरडले, "वरून पाऊस पडतोय!"

"त्यात नावं नाहीत," पंत म्हणाले.

भाद्रपदात पोथी भिजून तिच्या पानांचा लगदा झाला. पंतांच्या ते दिवाळीत लक्षात आलं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी दत्तोबांनी पानं तीनदा मोजली. देवळात ते परडीला खेटूनच बसले. पंत उभे राहिले. सवयीने त्यांचा उजवा हात प्रत्येक नावाला पळी उलटी केल्यासारखा हलत होता. कुठे अडखळणं नाही, छताकडे पाहणं नाही, खाकरणं नाही. शेवटच्या नावाला पुजाऱ्याने शेवटचं पान उचललं. दत्तोबांनी परडी उलटी करून झटकली. एक मुंगी पडली.

"गाडी वेळेवर आली," ते शेवटी म्हणाले. मग पंतांच्या कानाशी लागून, "त्या ब्राह्मीच्या चार काड्या मिळतील का?"

पंतांनी काड्या दिल्या आणि लागवडीची रीतही शिकवली: कंबरभर ओटा, चाळलेली वाळू, सोवळं, पळी. वैशाखापर्यंत आळीत सात ओटे झाले. सातही घरी झुंबरबाईच भांडी घासत, आणि सातही घरी वामकुक्षीची पद्धत होती, त्यामुळे कुठलाही ओटा वाळला नाही.

"यात तुमच्या चटणीचाही वाटा आहे बरं का," एकदा जेवताना पंत काकूंना म्हणाले. मोठ्या मनाने म्हणाले.

"आणखी वाढू?" काकूंनी विचारलं.

मोरीमागे उगवलेली वस्तू काकूंनी एकोणतीस वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरात येऊ दिली नव्हती. पंतांनी दिलेली मूठ त्या रोज खिडकीतून परत मोरीमागे टाकत. चटणी कोथिंबिरीची असे. कडूपणासाठी तीत कडुनिंबाची दोन पानं घालत.