राहेलबाईंच्या पोरी

मलकापूरजवळच्या जुन्या मेथडिस्ट चर्चचा इतिहास लिहिताना सुचिता साळवे तिथल्या पहिल्या शिक्षिकेची, राहेलबाईंची कबर शोधत होती. चर्चला छप्पर नव्हतं तेव्हापासून बाई तिथं मुलींना शिकवत. पण कबरस्तानातल्या दगडांवरची अक्षरं झिजली होती.

"कोनाले धुंडून राह्यल्या, ताई?" शेजारच्या मळ्यातल्या शालिग्रामभाऊंनी विचारलं. तिनं सांगताच त्यांनी राख आणून काळ्या दगडांवर चोळली. चौथ्या दगडावर नाव उमटलं, राहेलबाई. खाली दगड बसवणाऱ्या नऊ विद्यार्थिनींची नावं होती: गोदावरी, फातिमा, सगुणा...

"सगळ्याइच्याच पोरी शिकवल्या बाईनं!" म्हणत शालिग्रामभाऊंनी हात जोडले.

चर्च बांधणाऱ्या गोऱ्या साहेबापासून सुरू केलेलं पहिलं पान सुचितानं फाडलं आणि राहेलबाईंपासून नव्यानं लिहायला घेतलं.