कप वाजवणाऱ्या मावशी

टण्ण. टण्ण. टण्ण. थड. च्च.

कपांच्या कारखान्यात मावशींचं काम एवढंच. भट्टीतून निघालेला कप डाव्या तळव्यावर घ्यायचा, नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. टण्ण वाजला तर कप धड, तो शेजारच्या टेबलावर नणंदेकडे, खोक्यात. थड वाजला तर आत कुठेतरी न दिसणारी भेग, तो टोपलीत. चौदा वर्षांत मावशींचा कान एकदाही फसला नव्हता. नखाची मात्र रया गेली होती.

मग फळ्यावर कागद लागला.

*कप तपासायला यंत्र येत आहे. मावशींनी त्याला तीन आठवडे शिकवावे. नंतर मावशींची योग्य ठिकाणी सोय केली जाईल.*

"वहिनी, योग्य ठिकाण म्हणजे कुठलं गं?"

"फाटकाच्या बाहेरचं."

घरी नवरा कंबर धरून बसलेला. मावशींच्या निवृत्तीला अजून तेरा वर्षं बाकी.

यंत्र आलं. त्याला एक बारीक हातोडी, एक माईक आणि एक चष्मेवाला इंजिनियर.

"मावशी, तुम्ही नेहमीसारखं काम करा. ते शेजारी बसून ऐकेल, तुम्ही कप कुठे ठेवता ते बघेल आणि आपोआप शिकेल."

"सुनेसारखं?"

"सुनेपेक्षा लवकर."

"आणि सासूला घराबाहेर काढेल."

इंजिनियर चष्मा पुसत बसला.

तीन आठवड्यांनी परीक्षा. हातोडी यंत्राची, मावशी नुसत्या शेजारी.

*कप ५००. चुका ०.*

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सोमवारपासून मावशींनी यायची गरज नाही!

सोमवार.

*कप ५००. फुटके ०.*

एकही नाही? भट्टीवाला कॉलर ताठ करून फिरला. नणंदेने त्यातल्याच एका कपात पाणी ओतलं, ते थेट मांडीवर गळलं. तेवढ्यात मावशी कपाटाची किल्ली परत करायला आल्या.

"बघ गं वहिनी, भिजले ना मी!"

"च्च," मावशी म्हणाल्या.

खट्! यंत्राने चांगला खणखणीत कप टोपलीत टाकला.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच, "च्च."

खट्.

"च्च च्च च्च."

खट् खट् खट्.

थड ऐकू आलं की मावशींच्या तोंडून च्च निघायचं, परीक्षेच्या दिवशीही निघालं होतं. इतकं नकळत, की चौदा वर्षांत ते कुणाच्या, खुद्द त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. यंत्राने कपाचा आवाज ऐकलाच नव्हता. त्याने मावशींची हळहळ पाठ केली होती.

मावशींनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्या शेजारी बसल्या की यंत्र बरोबर, उठल्या की वेडं, एवढंच साहेबांना कळलं. म्हणून मावशी पुन्हा खुर्चीवर. दोन दिवस त्यांनी मजा केली. साहेब पाहुण्यांना यंत्र दाखवायला आले, तर मावशींना दातात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि अख्खी रांग टोपलीत गेली. इंजिनियरने यंत्र तीनदा खोललं. तिसऱ्या दिवशी तो पालथ्या खोक्यावर बसला.

"मावशी, हे सुधारलं नाही तर साहेब मला काढतील."

"आणि सुधारलं तर?"

त्याने जरा विचार केला. "तरीही काढतील. मग माझं काय काम?"

"मग दोन्हीकडून सारखंच की रे! ऊठ, चल."

केबिनचं दार मावशींनी मुद्दाम उघडं ठेवलं आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागेल. तोंड मिटून. जमेल मला. पण आधी कागद. यंत्रावर देखरेख माझी, पगार तोच, निवृत्तीपर्यंत."

"मी दुसरी बाई बसवेन."

"बसवा. कान आहे का तिला?"

साहेबांनी इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियर छताकडे पाहत म्हणाला, "यांचाच कान लागेल, साहेब."

"बरं. सहा महिने."

"च्च," मावशी जरा मोठ्यानेच म्हणाल्या. बाहेर खट् वाजलं.

"अहो, थांबा! एक वर्ष!"

"च्च च्च."

खट् खट्.

"निवृत्तीपर्यंत! लिहितो!"

साहेबांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मावशींनी कागद दोनदा वाचला. इंजिनियर त्यांच्या कानाशी वाकला.

"मावशी... माझंही नाव बसेल का हो त्यात?"

मावशींनी कागद साहेबांकडे परत सरकवला.

"सहीच्या वर अजून दोन ओळींची जागा आहे, साहेब."