कड्याचा आकडा

"डोंगर काय म्हंतो, भाऊ? आमचा गेणू वर दावी सोडायला निघालाय. गुरं लई हंबरत्यात, आयकतच न्हाई त्यो!"

फोनवर कारवीवाडीच्या ठमाबाई होत्या. वाडीवरच्या कड्याला भेग पडल्यापासून सारी माणसे खालच्या शाळेत राहत होती. गुरे मात्र वरच अडकली होती. भेगेवरच्या यंत्राने सलग तीन दिवस तोच आकडा दिला, तरच घरी परतायचे होते. दोन दिवस सतरा मिलिमीटर आला. आज सकाळपासून काहीच येत नव्हते.

"मावशी, अर्धा तास त्याला धरून ठेवा. फोन चालू राहू द्या," सावळेराम म्हणाला आणि रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून वळला.

तिकडे मोबाइलची रेंज नव्हती. म्हणून मंचरच्या सरकारी कचेरीतल्या या खोलीतला जुना संगणक मोडेमवरून, दुसऱ्या लाइनवर टेलिफोन लावून आकडा मागवी. एकवीस वर्षे सावळेराम तो सांभाळत होता. माणसांपुढे त्याची जीभ अडखळे. मोडेमच्या किरकिरीतला फरक मात्र त्याला झोपेतही कळला असता.

"काका, मोडेम गेलाय तुमचा," नवा इंजिनिअर ऋतिक म्हणाला. "आता हार घाला त्याला."

"गेला असता तर फोन लागला असता का, राव?"

फोन लागत होता. कड्यावरचा मोडेम हाकेला ओ देत होता. त्याच्यामागे वीतभर वायरीवर बसलेले मोजयंत्र तेवढे मुके होते. कोणता निरोप कोणत्या वाटेने जातो, ती रस्त्यांची यादी सावळेरामने संगणकाकडून मागवली. मोजयंत्रासाठी निघालेला निरोप टेलिफोनवर चढतच नव्हता. तो इंटरनेटच्या नव्या केबलने भलतीकडेच जात होता. काल संध्याकाळी हजेरीच्या यंत्रासाठी ती केबल त्यानेच जोडली होती. कुणी पाहिले नव्हते.

"ऋतिकराव, मोडेम चांगला आहे. चूक माझी. केबल मी जोडली, पण टेलिफोनचा रस्ता लिहून द्यायचा राहिला."

ऋतिकच्या ओठांवरचे हसू विरले. "मग लिहा की, काका."

सावळेरामने एक ओळ लिहिली: या पत्त्याचे सारे निरोप टेलिफोनवरूनच. बोट कळीवर टेकले, तेव्हा त्याला पहिल्यांदाच आकड्याची भीती वाटली. आकडा वाढला असेल, आणि गेणू निघालाच असेल तर?

सतरा.

त्याने पुन्हा मागवला. सतराच. शेजारच्या खोलीत जाऊन साहेबांचा होकार घेतला आणि येताना जवळजवळ धावतच आला.

"मावशी, गेणू?"

"दारातच बसवलाय. त्याची म्हातारी आय आडवी पडली त्याच्यापुढं."

"भेग वाढली नाही. जा घरी."

पलीकडे ठमाबाईंनी ते ओरडून साऱ्यांना सांगितले. मग "आरं, चला रं!" असा कल्ला उठला. भांडी वाजली, एक पोर रडले, कुणी त्याला हसत दटावले. पायांचे आवाज चढणीकडे लांबत गेले. शाळेतल्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवण्याचे कुणाला सुचले नाही.

मग त्या रिकाम्या वर्गातून केरसुणीचा आवाज येऊ लागला. ठमाबाई मागे राहून शाळा झाडत होत्या; संथपणे, कोपरा न् कोपरा. ती केरसुणी थांबेपर्यंत सावळेरामने फोन ठेवला नाही.