काशीबाईंची झेल

‘‘गानं आईचं हाय. आमी नुस्त्या बोलनाऱ्या,’’ सुंदराबाई पुन्हा तेच म्हणाल्या, आणि ध्वनिमुद्रणासाठी उचललेला फोन विलासरावांनी पुन्हा मांडीवर ठेवला.

सुंदराबाई सारसोळ्याच्या वृद्ध धवलारीण. लग्नघरी हळदीची गाणी गाणाऱ्या. जुईनगरला राहणारे विलासराव एका कॅसेट कंपनीतून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनीच हे हळदीचे गाणे सुंदराबाईंकडून गाऊन घेतले होते. रचना कोणाची, या प्रश्नाला तेव्हाही हेच उत्तर मिळाले होते : आईची, म्हणजे ग्रामदेवतेची. त्या उत्तरातील विनय विलासरावांना कळला होता. तरीही वेष्टनावर त्यांनी ‘पारंपरिक’ असे छापून घेतले. पारंपरिक गाण्याला कवी नसतो, आणि कवी नसला की मोबदला मागणारा नसतो.

आता कायदा पालटला होता. गाणे विकले गेले तरी रचनाकाराचा रॉयल्टीतील वाटा विकला जात नाही, असे तो म्हणत होता. गावोगावच्या मांडवांत वाजणाऱ्या या गाण्याचा वाटा मात्र कोणाच्याच घरी पोचत नव्हता, आणि सुंदराबाई दुखऱ्या गुडघ्यांनी अजून मासळीची पाटी घेऊन बाजारात बसत होत्या. गाणे आपले, एवढे त्यांनी स्वमुखाने सांगावे आणि गाऊन दाखवावे, असे विलासराव विनवीत होते. वाटा मिळेलच, असे वचन देण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

‘‘तवा आईचं बोलले तं तुमाला बरं वाटलं,’’ सुंदराबाई हसल्या. ‘‘आता आईला काय सांगू? सायबाचा इचार फिरला?’’

‘‘चूक माझी होती. गाणं तुमचं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.’’

‘‘माजं एकलीचं नाय. उचल माजी, झेल काशीची.’’

धवलारिणींची जोडी असते. एकीने ओळ उचलायची. दुसरीने ती झेलून तिला आपली ओळ जोडायची. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी दोन आवाजांनी गाणे लांबते, म्हणून विलासरावांनी काशीबाईंना बाहेरच्या बाकावर बसविले होते आणि त्यांच्या ओळीही सुंदराबाईंकडूनच गाऊन घेतल्या होत्या. हे ते विसरले नव्हते. दुसरे कोणी स्मरत नसेल, या आशेवर मात्र ते आले होते.

काशीबाई गेल्या वर्षी वारल्या.

‘‘मांडवांत गानं लागलं का ती बोलाची, सुंदरा, माजी ओळ तू गातंस.’’

विलासरावांनी खिशातून वही काढली.

‘‘तिचं नाव आदी लिवा. तिची पोर ज्ञानेश्वरी नावड्याला हाय, तिचा वाटा तिला. मंग गाते.’’

विलासरावांनी मान डोलावली व फोन पुढे धरला. सुंदराबाईंनी डोक्यावर पदर घेतला, भूमीला हात लावून कपाळी नेला. आधी काशीबाईंचे, मग स्वतःचे नाव सांगितले. पहिली ओळ उचलली आणि त्या थांबल्या. दृष्टी शेजारच्या रिकाम्या पाटावर होती.

फोनच्या पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट सरकत राहिली. विलासरावांचा अंगठा थांबविण्याच्या बटणाकडे गेला आणि मागे आला.

एका ओळीला लागतो तेवढा वेळ जाऊ देऊन सुंदराबाईंनी आपली पुढची ओळ उचलली.