वायरीला अडकलेले सतरा पतंग

माझी बायको कोकिळा गेल्यावर पाच महिन्यांनी आमच्या मुलीला, निमिषाला, इंग्लंडात लेस्टरला मुलगा झाला. तो मला कॉम्प्युटरवर पहिल्यांदा दिसणार होता, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी चार वाजता.

इंटरनेट समोरच्या जसुभाईंच्या घरी होतं. अहमदाबादच्या आमच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या अरुंद गल्लीत, एका कनेक्शनवर तीन घरं चालायची. जसुभाईंकडे चार भोकांचा डबा, त्यातून निघालेली एक निळी वायर त्यांच्या गच्चीवरून गल्ली ओलांडून माझ्या खिडकीत यायची. पतंगांच्या दिवसांत ती लोकांना दिसावी म्हणून जसुभाईंनी तिला लाल चिंध्या बांधल्या होत्या. तरी दुपारपर्यंत तिला सतरा पतंग अडकले. आणि अडकलेला पतंग ज्याचा हात पोचेल त्याचा.

चार वाजता निमिषा दिसली. मग टोपडं, कपाळ, एक डोळा. बाळाने जांभई द्यायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. बघतो तर वायर खिडकीतून सरसर बाहेर चालली होती.

गच्चीवर धावलो. समोर एकसष्ट वर्षांचे जसुभाई बांबूला काटेरी फांदी बांधून पतंग ओढत होते. मला बघून त्यांनी खुशीत हात हलवला.

"जसुभाई, माझा नातू ओढलात तुम्ही," मी म्हणालो.

त्यांच्या गच्चीवर वायर, पतंग आणि मांजा यांचं एक घरटं झालं होतं. जो सोडवायला जाई त्याचं बोट कापे. वायरीचं टोक तेवढं बाहेर लोंबत होतं. जसुभाईंच्या बायकोने, तरलाबेनने, ते पाहिलं आणि माझ्याकडे बोट करत नवऱ्याला सुनावलं.

"वायर नटुभाईंकडे जात नाही ना? मग नटुभाईंचा कॉम्प्युटर इकडे आणा. अक्कल काय पतंगाबरोबर उडवलीत?"

जसुभाईंनी कॉम्प्युटरचा पडदा उचलला, त्यांच्या जावयाने त्याचा खालचा डबा, मी कीबोर्ड गळ्यात घातला. वीस मिनिटांनी त्यांच्या गच्चीवर सगळं सुरू झालं. निमिषा अजून बसून होती. तिला बापाऐवजी काळे चष्मे लावलेली चाळीस माणसं दिसली. बाळ रडायला लागलं. जसुभाई म्हणाले, नाक नटुभाईंच्या जावईबापूंचं आहे. तरलाबेन म्हणाल्या, चष्मा काढून बघा, निमिषाचं आहे.

"नाक कोकिळाचं आहे," मी म्हणालो.

निमिषाने कानाला हात लावला. गच्चीवर गाणी वाजवणाऱ्या लाऊडस्पीकरमुळे तिला ऐकू गेलं नव्हतं. जसुभाई उठले आणि त्यांनी उत्तरायणाच्या भर दुपारी लाऊडस्पीकर बंद केला. आजूबाजूच्या गच्च्यांवरून त्यांना शिव्या पडल्या.

मी पुन्हा सांगितलं.