मी जळालो नव्हतो!

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो, आणि सर्वांत आधी एक गोष्ट ठणकावून सांगतो: मी जळालो नव्हतो. माझ्याबद्दल कोणी तशी आवई उठवली असेल, तर ती साफ खोटी आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी बसली, वर पांढरं अंग चढलं आणि मी खोक्यातून थेट काकूंच्या ओट्यावर आलो. काकू शिवणकाम करतात. त्यांचे यजमान शाळेत शिकवायचे, म्हणून सारी गल्ली त्यांना गुरुजी म्हणते. "आधी प्रश्न नीट वाचा, मग पेन उचला," हे त्यांनी तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलं. माझ्यासोबत आलेली माहितीपुस्तिका मात्र पिशवीतून बाहेरही न काढता कपाटात ठेवून दिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

अकरा वर्षं मी चोख काम केलं. हूं की चूं न करता, असं म्हणत नाही. घरघर तर माझ्या जन्मालाच पुजलेली. गेल्या वर्षी नवा ओटा झाला. त्यावर चरे पडू नयेत म्हणून काकूंनी जाड हिरवं लोकरी कापड मापात बेतलं आणि माझ्या अख्ख्या तळाला चिकटवलं. शेजारीण हसली, "अगंबाई, मिक्सरलाही कपडे शिवलेस!" मला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

मग एके दिवशी गुरुजी दिवा बदलायला स्टुलावर चढले आणि तोंडावर आपटले. जबडा मोडला. डॉक्टरांनी वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकले. सहा आठवडे चावायचं नाही, नळीनं प्यायचं. गुरुजी पाटीवर लिहून बोलू लागले आणि मी त्यांचे दात झालो. दिवसातून चार वेळा भात, भाज्या, फळं मी अशी गुळगुळीत करायचो की नळीतून सुळकन वर जायची.

तिसऱ्या आठवड्यात घात झाला. शिवणाच्या घाईत काकूंनी भांडं गच्च भरलं आणि पाणी घालायचं राहून गेलं. मी कण्हलो, तापलो आणि एकदम गप्प झालो. मला कुशीत घेऊन काकू तशाच दुरुस्तीच्या दुकानात धावल्या.

मेकॅनिकनं माझी वायर लावली, खटका फिरवला, नाक जवळ आणून वास घेतला. झाली तपासणी! "ठेवून जा काकू. उद्या या."

त्याचा उद्या काही उगवेना. एका मोडक्या पंख्याला टेकून मी फळीवर बसलो होतो. काकू रोज यायच्या, तो रोज फोनवर बोलता बोलता हात हलवायचा. इकडे काकू चाळणीतून भाज्या गाळत होत्या, शेजारणीकडून वाटून आणत होत्या, पण रोज चार वेळा कोणाच्या दारात उभं राहायचं? कण नळीत अडकायचे. गुरुजींच्या पाटीवर आता एकच शब्द असायचा: "भूक." डॉक्टर म्हणाले, वजन आणखी घटलं तर भरती करून नाकातून नळी घालावी लागेल.

नवव्या दिवशी काकूंनी हे सगळं त्याला सांगितलं. मेकॅनिकनं मान वर न करताच उत्तर दिलं, "पूर्ण उघडून बघितला काकू. मोटर जळालीय. भंगारात टाका, नवीन घ्या."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण विजेशिवाय मला वाचा कुठली?

काकूंनी मला घरी आणलं. भंगारात देण्याआधी तळाचं कापड तरी काढून घ्यावं, म्हणून त्यांनी मला उलटं केलं आणि त्या थबकल्या. कापड जसंच्या तसं होतं, एक कोपराही सुटला नव्हता.

"अहो, याचे स्क्रू तर या कापडाच्या आत आहेत! मग त्यानं उघडला कुठून?"

गुरुजी ताडकन उठले. कपाट उघडलं, पुस्तिका काढली, बोट ठेवून वाचू लागले. मग खडूनं लिहिलं: "तळाला लाल बटण. दाब."

काकूंनी कापड टराटरा फाडलं. त्याखाली माझी हवेची भोकं होती, नऊ महिने कोंडलेली, आणि शेजारी बाहेर आलेलं लाल बटण. जास्त तापलो की मोटर वाचवण्यासाठी ते मला आपोआप बंद करतं. काकूंनी ते दाबलं, मला सुलटं केलं, खटका फिरवला.

घर्रर्र!

काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! काकू ओट्याला टेकून रडल्या. गुरुजींना हसता येईना, नुसते डोळे वाहत होते. त्यांनी पाटी उचलली: "चूक माझीही. प्रश्न वाचलाच नाही."

"आणि मी मायेनं त्याचा जीव कोंडला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. त्याच हिरव्या कापडाच्या चार लहान चकत्या कापून त्यांनी फक्त माझ्या पायांना लावल्या.

मित्रांनो, आमच्यावर माया जरूर करा, पण आम्हाला श्वास घेऊ द्या. आणि कोणी जळाला म्हणालं, तर भंगारात टाकण्याआधी एकदा उलटं करून तरी बघा.

यथावकाश तारा निघाल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या सकाळी गुरुजी माझ्याशेजारी उभे राहिले आणि त्यांनी एक टोस्ट उचलला. कुर्रम! तो आवाज माझा नव्हता. त्या दिवशी मला काहीच काम नव्हतं, आणि त्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.