ओरेस्टची अस्सल सही

माझ्या भावाच्या कार्डावरची सही माझी आहे. हे आईला माहीत होतं, ती गेली. आता फक्त मला माहीत आहे.

कॅनडात सस्कॅचेवानमधलं आमचं गाव म्हणजे धान्याचं कोठार, चर्च आणि बर्फावरच्या हॉकीची रिंक. त्यातलं रिंकचं छप्पर तेवढं आम्ही कधी गळू दिलं नाही. त्या रिंकवरून मोठ्या लीगमध्ये गेलेला ओरेस्ट पहिलाच. नाताळपर्यंत त्याने अठरा गोल केले. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं लोक जमवतात, आणि पहिल्या मोसमाचं कार्ड आयुष्यात एकदाच निघतं, म्हणून त्यावर जीव टाकतात. कार्डवाल्यांनी त्याच्याकडे दोन हजार स्टिकर पाठवले. त्याने सह्या करायच्या आणि त्यांनी ते कार्डांवर चिकटवायचे.

जानेवारीत एका धिप्पाड बचावपटूने त्याला रिंकभोवतीच्या काचेवर डोक्यावर आपटलं. तो आपल्या पायांनी बाकापर्यंत आला, आणि आमच्याकडे तेवढं पुरतं. मेंदूला मार लागलाय का ते बघायला डॉक्टरने महिने उलटे म्हणायला लावले. ते त्याने सप्टेंबरमध्येच घोकून ठेवले होते. सगळेच ठेवतात.

फेब्रुवारीत तीन दिवसांच्या सुट्टीवर तो घरी आला, तो टोपी डोळ्यांवर ओढूनच. उजेड सोसत नव्हता. जेवणाच्या टेबलावर स्टिकर घेऊन बसला, दोन अक्षरं काढली आणि थांबला.

"लेस्या, पुढचं अक्षर कुठलं गं?"

"दोन हजार सह्या करायच्यात म्हणून ढोंग करतोस होय?"

"ढोंग नाही. सांग ना."

मी उठून फोनकडे गेले, तर त्याने मनगट धरलं.

"डॉक्टरला कळलं तर घरी बसवतील. माझ्या जागेवर तो फिनलंडचा पोरगा टपून बसलाय. एप्रिलमध्ये मोसम संपेपर्यंत गप्प बस."

"आणि तोवर डोकं गेलं तर?"

"तूच म्हणायचीस ना, त्यात काही नाही म्हणून?"

आई पलीकडे पिरोहीच्या पाऱ्यांत बटाटा भरत होती. तिने मान वर केली नाही. "तुमचा बाप मोडक्या घोट्यावर अख्खा मोसम खेळला," ती म्हणाली. "लेस्या, तुझं अक्षर चांगलं आहे."

मी पेन उचललं. तीन दिवस मी त्याची सही करत होते. तिसऱ्या दिवशी तर शेवटच्या अक्षराला असा झोकदार फटकारा मारू लागले की माझं मलाच कौतुक वाटलं. त्याची ती वेडीवाकडी सही कार्डवाल्यांकडे गेली असती, तर कुणीतरी फोन उचलून विचारलं असतं. मी ती वेळ येऊ दिली नाही.

मार्चमध्ये त्याला दुसरा धक्का बसला. साधाच होता, खांद्याला खांदा. या वेळी तो उठला नाही.

याला आठ वर्षं झाली. तो माझ्याकडे मागच्या खोलीत, पडदे ओढून राहतो. ती तीन दिवसांची सुट्टी त्याला आठवत नाही. यंदाच्या हिवाळ्यात तो पुन्हा नाव लिहायला शिकला. महिनाभर वह्या भरल्या आणि मग स्वतःच्या एका बिनसहीच्या जुन्या कार्डावर सही केली. गेल्या मंगळवारी शहरात दवाखान्यातून परतताना कार्डांचं दुकान दिसलं, तर ते कार्ड दाखवायला हट्टाने आत शिरला.

काळा चष्मा लावलेल्या, अंगाने सुटलेल्या ओरेस्टला दुकानदाराने ओळखलं नाही. त्याने भिंग लावून कार्ड पाहिलं.

"फसवलं हो तुम्हाला कुणीतरी. ही सही खोटी आहे." त्याने काचेच्या कपाटातून दुसरं कार्ड काढलं. "अस्सल ही अशी असते. हा फटकारा बघा."

ओरेस्ट माझ्या सहीकडे बराच वेळ बघत राहिला. मी बोलायला हवं होतं. मी तिथेही गप्प बसले.

काल सकाळी तो वही घेऊन स्वयंपाकघरात आला.

"लेस्या, तुझं अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. "माझी सही कशी करायची ते मला शिकव ना."

मी त्याच्या बोटांत पेन दिलं आणि त्याचा हात धरून गिरवून घेतलं, शेवटच्या फटकाऱ्यासकट.